गाठीचं नाव

तिवसा,
६ नोव्हेंबर २००६

चि. रागिणीस,
सुभद्रामावशीचे अनेक आशीर्वाद. फोनवर बोलली तर शालू ऐकते, म्हणून लिहून राहिली. उत्तर तुह्या काकांच्या शाळेच्या पत्त्यावर टाक.

माह्या गळ्यात सुपारीएवढी गाठ हाय. अमरावतीले डॉक्टरनं सुईनं नमुना काढला. कागदावर आलं, का थायरॉइडच्या कॅन्सरचा संशय, पण प्रकार सांगता येत नाई. कॅन्सर तो कॅन्सर, त्याचा प्रकार काय पाहाचा? चिरफाड मले करायची नाई. माघात शालूचं लग्न उरकलं का मी सुटली. मुलगा सरकारी नोकरीत हाय. औंदा कापसाचे हाल पाहून जो तो नोकरीवालाच शोधते, हे स्थळ सोडवत नाई. पण शालू म्हणते, बी.एस्सी.ची परीक्षा झाल्याबिगर नाई. तिले गाठीचं ठाऊक नाई. तुह्यं ऐकते, तूच समजाव.

हाय तसा जीव लावत राय.
तुही मावशी

अकोला, जठारपेठ,
१५ नोव्हेंबर २००६

ती. सुभद्रामावशीस,
रागिणीचा सा. न. वि. वि. पत्र वाचून रागच आला. तुझी भाची दिवसभर मायक्रोस्कोपखाली पेशीच बघते, हे विसरलीस की काय? प्रकार पाहायचा, कारण उपचार त्यावर ठरतो.

अमरावतीला तुझा नमुना ज्यांवर पसरला होता, त्या काचा मागवून पाहिल्या. नुसतं रक्त, पेशी चिमूटभर. त्यावरून कोणालाच नक्की काही सांगता आलं नसतं. तू अकोल्याला ये, सुई मी स्वतः टोचीन. शालूला सांग, रागिणीला साडी घ्यायचीय. तोवर मुलाकडच्यांना शब्द देऊ नकोस. आणि शालूला मी काहीही समजावणार नाही.

रागावले तरी माया कमी करू नकोस.
तुझी रागिणी

अकोला,
२६ नोव्हेंबर २००६

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. या वेळी नमुना चांगला आला. गव्हाच्या दाण्याला मधोमध चीर असते ना, तशी चीर तुझ्या पेशींच्या केंद्रकांवर दिसली. काच पुन्हा पुन्हा पाहिली, कारण ती तुझी होती. मग आमच्या लॅबच्या सरांना दाखवली. त्यांचंही मत तेच.

कॅन्सर आहे, मावशी. लपवत नाही. पण प्रकार पॅपिलरी, हळू वाढणारा. ऑपरेशननंतर बहुतेक माणसं बरी होऊन म्हातारी होतात. एक प्रकार असा असतो, की गाठ काढल्याशिवाय त्याचा निकालच लागत नाही. आणि एक असा, की तो वेळच देत नाही. तुझा तसला नाही. ऑपरेशन तेवढं टाळू नकोस.

शालूला खरं सांग. आईचं दुखणं लपवून तिला बोहल्यावर उभी केलीस, तर पुढे कळल्यावर ती काय करील?

काकांना नमस्कार. माझ्यावर भरवसा असू दे.
तुझी रागिणी

तिवसा,
१६ जानेवारी २००७

चि. रागिणीस,
अनेक आशीर्वाद. ऑपरेशनले तू होतीच, थे लिहीत नाई. काढलेल्या गाठीच्या तपासणीतबी पॅपिलरीच निघाला. आवाज अजून घोगरा हाय. डॉक्टर म्हणते, हळूहळू येईल.

शालूले सांगतलं तवा थे रडली, मंग माह्याशी बोलेचना. मुलाकडच्याईले तुह्या काकांनी सारं सांगतलं. मले वाटलं, स्थळ गेलं. पण मुलाच्या आईनं निरोप धाडला, का परीक्षा होऊ द्या, आमाले घाई नाई. शालू म्हणाली, आधी मले त्या मुलासंग बोलू द्या, मंग पाहू. म्या हो म्हटलं.

काल संक्रांतीले तिले हाक मारली, तर नुसता वारा निघाला. तरी थे अंगणातून धावत आली. म्हणाली, तू बोलू नको, तुले काय पाह्यजे थे मीच ओळखते. मले तिळगूळ पाह्यजे होता. तिनं पाणी आणलं. मी पाणी पेली.

जावईबापूले आशीर्वाद. अशीच आमची होऊन राय.
तुही मावशी