आखाड अजून लागलेला नाही

१७ जून १९९६, सोमवार. अधिक आषाढ शुद्ध प्रतिपदा.

आजपासून सगळं पंचांगाप्रमाणे. दाढी, प्रवास, खरेदी, औषध, सगळं. इतकी वर्षं पेण डेपोत कंट्रोलर होतो, एस.टी.च्या टाइमटेबलवर जगलो. मिळालं काय? अ‍ॅसिडिटी. माणसांच्या गाड्या लेट होतात, ब्रेकडाउन होतात. ग्रहांचं तसं नाही. रिटायर झाल्यावर तरी माणसाने शहाणं व्हावं.

बायकोला हे सांगितलं. ठमा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली की आखाड लागला ना, मग आपल्या कुंदाला कवा आणताय? लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात नव्या नवरीने सासूचं तोंड बघायचं नसतं, महिनाभर माहेरी राहायचं असतं, हे मला शिकवते! मी शांतपणे समजावलं. हा अधिक आषाढ. म्हणजे जादा गाडी. रेग्युलर गाडी पुढच्या महिन्यात, निज आषाढात. कुंदा तेव्हा येईल. ठमा म्हणाली, कुंदाच्या सासरी, रोह्यात, समद्या नव्या पोरी आजच माहेरी गेल्या. लोक अडाणी असतात, त्याला मी काय करणार.

१९ जून, बुधवार.

देवळातल्या गुरुजींना सहज विचारलं. ते म्हणाले, आणा हो पोरीला खुशाल, अधिकात आणली म्हणून काही बिघडत नाही. गुरुजींचा अभ्यास कमी पडतो. सत्यनारायण सोडला तर त्यांना फारसं काही येत नाही.

दाढी आज वर्ज्य. उद्या चतुर्थी, रिक्ता तिथी, म्हणून उद्याही नाही. खाज सुटते. सहन करणे.

२३ जून, रविवार. दुपारी.

शेजारच्या फ्लोराबाईंनी हाक मारली, कुंदाचा फोन आहे. फ्लोराबाईंचे यजमान हासाजी वारले, मुलं इस्रायलला गेली, म्हणून त्यांच्याकडे फोन. आमच्या आळीतलं यहुद्यांचं हे एकच घर उरलंय. बाई स्वभावाने बरी, फक्त दुसऱ्याच्या घरात फार लक्ष.

कुंदा सासरहून, रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या पी.सी.ओ.वरून बोलत होती. आवाज बारीक. म्हणाली, बाबा, आखाड लागला, मला न्यायला कधी येता? तिला अधिक आणि निज यातला फरक नीट सांगितला. चांद्रवर्ष लहान पडतं, सूर्यवर्ष मोठं, मधली तूट भरून काढायला महिना घालतात.  तिने विचारलं, म्हणजे अजून किती दिवस? मी तारीख सांगितली. ती म्हणाली, बाबा, एवढे दिवस? तेवढ्यात लाइन कट झाली.

पोरीला या विषयात गोडी वाटते आहे, हे बघून बरं वाटलं.

२७ जून, गुरुवार. एकादशी.

ठमा सकाळीच लुगडं नेसून तयार. एकटी रोह्याला जाते म्हणे. अगो बाई, आज गुरुवार! गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ, तिकडे प्रवास अशुभ. पेणहून रोहा दक्षिणेला आहे हे डेपोतला शिकाऊ क्लीनरही सांगेल. थांबवलं. ती ओट्यावर जाऊन बसली आणि तशीच बसून राहिली. उपासाचा दिवस, म्हणून साबुदाणा मीच केला. खारट झाला. तिने खाल्ला नाही.

३० जून, रविवार.

आज जावई येऊन गेले. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावई म्हणजे साक्षात नारायण, त्याला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, वर दिवा ठेवायचा. हे मी स्वतः रोह्याला निरोप धाडून घडवून आणलं. अनारसे विकत आणावे लागले, कारण ठमाचे तळताना तेलात विरून गेले. मुद्दाम केलं असावं.

हिरामणराव एकटेच आले. कुंदा न्हाणीत पाय घसरून पडली म्हणाले, चालता येत नाही. मी हळदीचा लेप सुचवला. त्यांच्याही उजव्या हाताची बोटं सुजलेली, सोललेली. म्हणाले, कंपनीत नाइट शिफ्टला व्हॉल्व्ह लागला. नवरा-बायकोला एकाच आठवड्यात दुखापत! दोघांची साडेसाती तपासली पाहिजे.

अनारसे आवडले. तिथेच बसून अर्धे संपवले. मी पाय धुतले, धोतरजोडी दिली. ठमाला ओवाळायला बोलावलं तर ती बाहेर आलीच नाही. आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला. जावयासमोर शोभा! ओवाळलंही मीच.

ते गेल्यावर ठमा म्हणाली, बोटं बगितलीत त्याची? मी म्हणालो, व्हॉल्व्ह. ती म्हणाली, तुमच्या तोंडाला लागो तो व्हॉल्व्ह.

पत्रिका मी स्वतः जुळवली होती. छत्तीसपैकी एकतीस गुण. तालुक्यात एवढे कुणाचे जुळत नाहीत.

३ जुलै, बुधवार.

निर्णय घेतला. उगाच बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही असं नको. बुधवार दक्षिणेला चालतो, पण परत येताना पोर बरोबर असणार, आणि उत्तरेला आज शूळ. शिवाय जाशील बुधी तर येशील कधी. यावर शास्त्रात सोय आहे. प्रस्थान ठेवणे. शुभ वेळेला सुपारी, मूठभर तांदूळ आणि हळकुंड फडक्यात बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. की आपण निघालो. शरीर मागाहून सवडीने जाऊ शकतं.

ठमाला म्हणालो, चल, रोह्याला निघतोय. बाई एवढी खूश झाली! पिशवी भरली, कुंदाच्या आवडीचे पोह्याचे पापड घेतले, चपला घातल्या. मी गाठोडं घेऊन फ्लोराबाईंच्या घरी गेलो, त्यांच्या कपाटावर ठेवलं आणि परत आलो. ठमा दारात उभी. म्हणाली, चला की. मी म्हणालो, झालं, निघालो आपण.

तिने मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग चपला काढल्या. पिशवीतले पापड परत डब्यात ठेवले. काही लोकांना सूक्ष्म गोष्टी कळायला वेळ लागतो.

५ जुलै, शुक्रवार.

पंचक लागलं. पंचकात दक्षिणेचा प्रवास म्हणजे अगदी वर्ज्य, यमाची दिशा. प्रस्थान ठेवलं ते किती बरं झालं. मी कायद्याने वाटेत आहे, आणि वाटेतल्या माणसाला पंचक बाधतं की नाही यावर पंचांगात काही सापडलं नाही. जोखीम नको.

संध्याकाळी फ्लोराबाई आल्या. कुंदाचा परत फोन आला होता, बाबा नको म्हणाली, आईला द्या म्हणाली. ठमा बाजारात होती. पोर नुसती रडत होती म्हणे, हात वर होत नाही, रात्री दाराला आतून कडी लावून मोरीत झोपते. मी म्हणालो, पंचक संपू दे. फ्लोराबाई म्हणाल्या, आमच्यातपन जास्तीचा महिना येतो, हासाजी हयातभर मोजायचे. पन पोर रडली तर ते आधी रिक्शा बगायचे.

दुसऱ्या धर्माच्या आहेत. मी मनावर घेतलं नाही.

९ जुलै, मंगळवार.

पंचक आटोपलं. निघणारच होतो. शर्टला इस्त्रीपण केली. पण मंगळवार, परतीला उत्तरेचा शूळ. जाऊन मुक्काम करावा तर उद्या बुधवार, तोही तसाच. परवा गुरुवार. फेरी कॅन्सल.

१० जुलै, बुधवार.

डेपोवर गेलो होतो. जुना दोस्त केरू चेकर भेटला. म्हणाला, काय कंट्रोलर, पोरगी आखाडाला आली नाय अजून? मी अधिक-निज सांगितलं. तो म्हणाला, व्हय व्हय. पण त्याच्या तोंडावर वेगळंच होतं. त्याच्या मेव्हणीची मुलगी सासर सोडून अशीच परत आली, ती चार वर्षं झाली माहेरीच आहे. लोक तिच्या बापाकडे बघून बोलणं थांबवतात. मी स्वतः पाहिलंय.

आखाडाला आलेली पोर आखाड संपला की सासरी परत जाते. मधेच आलेली जात नाही. मग लोक विचारतात, पत्रिका कुणी पाहिली होती?

माझ्या न जाण्याचं कारण हे नाही. कारण दिशाशूळ आहे. नोंद असावी म्हणून लिहिलं.

१५ जुलै, सोमवार. सोमवती अमावास्या.

ठमा गेली. पहाटे उठलो तर पिशवी घेऊन दारात उभी, मागे फ्लोराबाई छत्री घेऊन. मी म्हणालो, अगो, आज अमावास्या! आजच्या दिवशी कुत्रंसुद्धा गाव सोडत नाही. ती म्हणाली, नागोठण्याला भावाकडे जाते. मी म्हणालो, उद्यापासून निज लागतोय, आठवडाभर कळ काढ, मी चांगला मुहूर्त काढलाय. ती म्हणाली, तुमी बसा मुहूर्ताला, आमी अवसेलाच जाऊन येतो.

फ्लोराबाई हिच्या भावाकडे कशाला? विचारायचं राहून गेलं. बायकांचं काही सांगता येत नाही.

१६ जुलै, मंगळवार. निज आषाढ.

लागला एकदाचा. ठमा असती तर बोललो असतो, बघ, म्हणालो होतो ना.

एक अडचण. फ्लोराबाईंच्या दाराला कुलूप. माझं प्रस्थान आत कपाटावर. म्हणजे मी निघालेलो आहे, पण आत कोंडलेला आहे. यावर ग्रंथात तोडगा नाही. खिडकीतून काठी घालून पाहिली, पोचत नाही. समोरच्या घरातलं कुणीतरी हसलं.

पाव खाल्ला.

२० जुलै, शनिवार.

ठमा आली नाही. फ्लोराबाईंचं कुलूप तसंच. चहाची साखर संपली. घरात आवाज नाही, पंचांगाचं पान उलटलं तरी दचकतो. रागावली असेल. कुंदाला घेऊन दारात उभा राहिलो की उतरेल राग. मग म्हणेल, तुमचंच बरोबर होतं. परवा सोमवार, हस्त नक्षत्र, भद्रा नाही, रिक्ता नाही, जाता-येता कुठलाच शूळ नाही. असा दिवस वर्षातून क्वचित मिळतो. कुंदासाठी हिरवी साडी घेतली. दुकानदाराने विचारलं, लेक आखाडाला येतेय का. मी अभिमानाने हो म्हणालो.

२२ जुलै, सोमवार. रोह्याहून येताना.

मुहूर्तावर निघालो. उजवा पाय आधी. गाडी वेळेवर, ड्रायव्हरने ओळखून नमस्कार केला. अष्टमीला पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. सगळं शुभ.

दार हिरामणरावांच्या आईने, धोंडुबाईने उघडलं. मी म्हणालो, कुंदाला आखाडाला न्यायला आलोय. ती बघतच राहिली. मग ओरडायला लागली. अख्खी आळी गोळा झाली. आमावास्येला नेली की तुमच्या बायकोने! संगं ती छत्रीवाली! अंगावरच्या लुगड्यानिशी नेली, पोराला पोलिसाची धमकी दिली, आन् आता तुमी साडी घेऊन येताय? थट्टा करायला? सून कुठं हाय आमची, ते सांगा.

मी म्हणालो, मला माहीत नाही. ती म्हणाली, बाप ना तुमी? लोक बघत होते. हिरामणराव आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. आत मोरीचं दार दिसत होतं, त्याची आतली कडी स्क्रू उपटून लोंबत होती. ते दिसलं. बघायचं नव्हतं, पण दिसलं. तिथल्याच पायरीवर बसलो.

परतीची गाडी नागोठण्याला थांबते. उतरलो. ठमाचा भाऊ कान्हू, त्याचं स्टँडवरच चहाचं दुकान. त्याने मला बघितलं आणि स्टोव्ह बारीक केला. दोघी इथे नाहीत म्हणाला. एक रात्र राहिल्या, मग फ्लोराबाईंबरोबर पुढे गेल्या. कुठे, ते सांगणार नाही. कुंदाने शपथ घातलीय, बाबांना पत्ता देऊ नका, ते परत पोचवतील आखाड संपला की.

मी म्हणालो, ती बरी आहे का?

कान्हूने स्टोव्ह बंद केला. मग म्हणाला, दाजी, हे आज इचारताय व्हय?

साडी तुमच्याकडे ठेवा, तिला पोचवा, म्हणालो. त्याने घेतली नाही. म्हणाला, तिचा खांदा उतरलाय, साडी नेसता येत नाय तिला, गाऊन घालते.

तेवढ्यात कंडक्टरने आवाज दिला, पेण, पेण. गाडी वेळेवर सुटत होती. मी चढलो.