काशीरामची घोडी का खोकते

शेणवा, ८ फेब्रु. १९४३
डोळखांबला बाळंतपण केले. मुलगी, दोघी ठीक. परतताना चढावर काशीरामचा टांगा तीनदा थांबला. घोडी खोकते, धाप लागते. काशीराम उतरून तिच्याबरोबर चालू लागला. मग मीही.

११ फेब्रु.
शहापूरच्या अड्ड्यावर टांगेवाल्यांनी घोडीला उभे राहू दिले नाही. त्यांच्या मते लागणीचा रोग. तसे ठरले तर गोळी घालतात म्हणे. ती नसेल तर मी पाड्यांवर कशी पोचणार, हा विचार आधी आला. लाज वाटली. काशीराम एवढेच म्हणाला, "बाय, मारायची असंल तर मी तिथं नाय थांबनार."

१२ फेब्रु.
सकाळी त्याच्या गोठ्यात. घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला अठ्ठावीस. शेजारच्या अंताजीच्या घोड्याचे बारा. ताप नाही, नाकात पू नाही. काशीरामने माळ्यावरून पेंढा ओढला तशी पांढरी धूळ उडाली; घोडी खोकू लागली, मलाही ठसका. दिवाळीनंतरच्या पावसात भिजून बुरसलेला पेंढा. धुळीचेच असेल तर? पण हे कोणाला कसे पटवायचे...

१३ फेब्रु.
घोडी बाहेर, झाडाखाली. गवत पाणी मारून. काशीरामची बायको यमुना बिबट्याला भिते, तरी तिनेच खुंटा ठोकला.

१९ फेब्रु.
मी पत्र धाडले होते, ढोरांचे डॉक्टर आले. घोडीच्या पापणीत सुई टोचली. रोग असेल तर दोन दिवसांत डोळा सुजेल. मी धुळीचे सांगितले. हसले नाहीत. बरगड्यांना कान लावून बराच वेळ ऐकत राहिले.

२० फेब्रु.
डोळा जरा लाल. दवाखान्यात मी पिचकारी उकळत ठेवून विसरले. भांडे करपले.

२१ फेब्रु.
सूज नाही! डॉक्टर म्हणाले, लागण नाही. "धुळीचंच दिसतंय. पुरती बरी होईल असं नाही, पण जपलीत तर चालेल." काशीराम तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिला.

४ मार्च
श्वास अठरा. अड्ड्यावर अंताजीने आपला घोडा तिच्या शेजारी आणून लावला. बाकीचे अजून लांबच.

१७ मार्च
शहापूरपर्यंत एकदाच खोकली. पावसाळ्यात कुठे बांधायची, हा घोर आहेच. काशीराम नवी पडवी घालायची म्हणतो. भिंती किती ठेवायच्या, दोन की तीन, यावर आमचे चालले होते. यमुनाने काडीने जमिनीवर चार खांब आखले. म्हणाली, एकपन भिंत नको.