मोहाचं लुगडं

माय, पिशवी तीन दिवसांत चार वेळा भरली आणि चार वेळा उपसली. उद्या सकाळची बस आहे आणि पलंगावर अजून अर्धा संसार पसरलेला आहे. तीन सुती साड्या, दोन ड्रेस, हाफ स्वेटर, पहाटे कान बांधायला रुमाल, दुपारी तोंड बांधायला दुपट्टा, एक छत्री, आणि लेकीनं पुण्याहून पाठवलेला निळा रेनकोट, जो कितीही घड्या घातल्या तरी उशीएवढाच राहतो. फोनवर हवामान बघते तर एटापल्लीच्या नावाखाली आधी सूर्य, मग ढग, ढगात वीज, आणि परत सूर्य, सगळं एकाच दिवसात. इथे चंद्रपुरात पंखा पाचवर ठेवूनही घाम जात नाही, आणि चुलतभाऊ फोनवर सांगतो की तिकडे सकाळी अजून शेकोटी लागते. आता अशा हवेत माणसानं काय न्यावं आणि काय ठेवावं? शेजारीण डोकावून गेली. पलंग बघून म्हणाली, सहा दिवसांसाठी एवढं, तुमचं तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी हसले, पण खरं सांगू, मला राग आला नाही. चोपन्नाव्या वर्षी कुणी आपल्याला उतावळी म्हणावं यात वेगळीच मजा आहे.

मी आपल्या मोहाच्या झाडाकडे चालले आहे. तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली. तुझ्यामागे काकू आपल्या झाडाचा मोह वेचायची आणि दरवर्षी कुणाच्या तरी हाती डबाभर वाळलेली फुलं पाठवायची. मी ती भाजून, गुळाबरोबर कुटून लेकीला लाडू करून द्यायचे, आणि तेवढ्यावर झाडाशी नातं आहे असं समजायचे. दोन वर्षांपूर्वी काकूही गेली. मी शाळा, परीक्षा, गुडघे अशी कारणं सांगत बसले. मागच्या आठवड्यात चुलतभावाचा फोन आला. तो आधी पीकपाण्याचं, मग माझ्या गुडघ्यांचं बोलला, तेव्हाच मला कळलं की घोडं कुठेतरी अडलं आहे.

"बाई, दोन साल झाले, तुमच्या झाडाखाली कोनी झाडलं नाई," तो म्हणाला. "यंदाबी घरचं कोनी आलं नाई तं बैठकीत दुसऱ्या घराले देतीन. मंग मले काही बोलता येनार नाई. तू येतं का?"

तो धमकावत नव्हता. गावाची रीत मला ठाऊक आहे. जंगलात झाडावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, पण कोणता मोह कोणाच्या घरचा हे लहान लेकरालाही माहीत असतं. फुलं पडायच्या आधी घरच्या माणसानं येऊन खालचा पालापाचोळा झाडायचा, जागा लख्ख करायची. तेवढं केलं की वाटेनं जाणाऱ्याला कळतं, याचं माणूस आहे. लागोपाठ तीन मोहाचे हंगाम कुणी झाडलं नाही तर माणूस नाही असं समजतात आणि झाड ज्याला गरज आहे त्याच्या घराला देतात. रीत चांगलीच आहे. फक्त यंदा ती माझ्यावर आली आहे. बाबा गेले तेव्हा, घरात पोरगा नाही म्हणून कुणी बोलायच्या आत तू झाडू घेऊन गेली होतीस आणि एकटीनं झाडाखालची जागा आरशासारखी केली होतीस, हे काकू सांगायची. ते झाड माझ्या आळसानं जाणार होतं. मी फोनवर एवढंच म्हटलं, येते रे. शाळेत सहा दिवसांची रजा टाकली. ऐन परीक्षेच्या तोंडावर रजा मागितली म्हणून मुख्याध्यापकांचा चेहरा कडू कारलं खाल्ल्यासारखा झाला, तो तू बघायला हवं होतंस.

तुझ्याकडे पिशवी नव्हती आणि हवामान सांगणारा फोनही नव्हता, तरी तुझं गाठोडं कधी चुकायचं नाही. मोहाच्या दिवसांत आपण झाडापाशीच पानांचा मांडव घालून राहायचो, कारण घरापासून झाड चांगलं दीड कोस. पहाटे दव आणि गारठा, दहा वाजता डोक्यावर आग, आणि तिसऱ्या प्रहरी डोंगराआडून ढग कधी निघेल याचा नेम नाही. तू सगळ्यात खाली ठेवायचीस ते मोहाचं लुगडं. दोन जुनी लुगडी मधोमध शिवून केलेलं ते भलंमोठं कापड, एका अंगाला हिरवा काठ आणि दुसऱ्या अंगाला निळा. ते कुणी नेसायचं नाही, पांघरायचं नाही. आभाळ आलं की वाळत घातलेला सगळा मोह त्यात लोटायचा, चार टोकं बांधायची आणि उचलून मांडवात न्यायचा, त्याचं एवढंच काम. त्याच्यावर आपले कपडे, दुपारचे खाली आणि पहाटेचे वर. "आधी मोहाचं, मंग मानसाचं," तू दरवर्षी म्हणायचीस.

त्या वर्षी मी चंद्रपूरच्या वसतिगृहात राहून सातवीत शिकत होते. सहावीत पहिली आले म्हणून जानेवारीत शाळेनं मला लाल स्वेटर दिला होता, पुढे बटणं असलेला. पण चंद्रपुरात जानेवारी सरली की स्वेटर घालणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. माझा स्वेटर वसतिगृहाच्या पेटीत पडून होता आणि माझा जीव त्यात. होळीच्या सुट्टीत गावी येताना मनात एकच, पहाटे झाडाखाली सगळ्या पोरींसमोर स्वेटर घालून फुलं वेचायची. तू गाठोडं बांधून ठेवलंस आणि पाणी आणायला गेलीस. मी ते सोडलं. स्वेटर, त्याच्याबरोबर नवा फ्रॉक आणि वसतिगृहाची चादर, एवढं काही त्यात मावेना. तळाचं मोहाचं लुगडं मी ओढून काढलं. मळकं, आंबूस वासाचं, चिंधीच ती, असं वाटलं. आभाळ तर निळंशार होतं. मी ते गोठ्यातल्या तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात खोल खुपसलं आणि गाठोडं पहिल्यासारखंच फुगीर बांधून ठेवलं. तू आलीस, गाठोडं डोक्यावर घेतलंस आणि चालू लागलीस.

तीन पहाटा मी राणीसारखी वावरले. चौथ्या दिवशी दुपारी तू हातातली टोपली खाली ठेवून वर बघतेस. वारा थांबलेला आहे. डोंगरावर काळं आलं आहे आणि समोर चार दिवसांचा मोह उन्हात पसरलेला आहे, पिवळा, वाळून किसमिस होत आलेला. तू मांडवात धावतेस, गाठोडं उलटं करतेस, आणि त्यातून माझा फ्रॉक पडतो. तू परत झटकतेस. मग माझ्याकडे बघून विचारतेस, "लुगडं कुठी हाय?" आणि मी म्हणते, मले काय मालूम.

तुला विचार करायला वेळ नव्हता. टोपल्या भरल्या, पदराची ओटी भरली, चादरीत कोंबलं. मग तू माझा लाल स्वेटर उचललास, बटणं लावलीस, खालचं टोक सुतळीनं बांधलंस, गळ्यातून ओंजळी ओंजळीनं मोह भरलास आणि बाह्यांची गाठ मारलीस. बिनडोक्याचं लठ्ठ लेकरू दिसत होतं ते. मी रडायला लागले, स्वेटरसाठी. तेवढ्यात गारा आल्या. अर्धा मोह तसाच उघड्यावर राहिला. तू मांडवाच्या तोंडाशी चिंब भिजून उभी होतीस, मी तुला आत ओढत होते, तर तू न वळता म्हणालीस, "अंग भिजलं तं वाळते पोरी. मोह भिजला तं काळा पडते."

एवढंच बोललीस. मारलं नाहीस, ओरडली नाहीस, पण आजपर्यंत मला त्याहून कडक कुणी बोललेलं नाही. संध्याकाळी शेजारच्या झाडाखालच्या बाया विचारायला आल्या, एवढा मोह कसा काय भिजला. तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "मीच इसरली लुगडं. माह्यं ध्यान नाई राह्यलं." त्या चुकचुकल्या. एक म्हणाली, मोहाच्या दिवसात मोहाचं लुगडं इसरते काय कोनी. तू मान खाली घालून चूल फुंकत होतीस. मी तिथेच होते, माय. हातभर अंतरावर. तोंड उघडलं नाही. तो काळा मोह कुणी घेतला नाही, आणि पावसाळ्यात त्याच्या बदल्यात यायचे तांदूळ आले नाहीत. तू लोकांच्या शेतात भाताच्या रोवणीला गेलीस, आणि मी मधे चार दिवस घरी आले तेव्हा रोज मला सांगायचीस, तिकडंच जेवून आली.

स्वेटरचं पुढे जे झालं ते तुला कधी सांगितलं नाही, ते आता ऐक. तू तो राखेनं धुतलास, उन्हात घातलास, तरी मोहाचा वास काही जाईना. वसतिगृहात पुढचा हिवाळाभर मी तो घातला, दुसरा होता कुठे. पोरी मला दारूची भट्टी म्हणायच्या. एकदा वॉर्डनबाईंनी मला खोलीत बोलावून तोंडाचा वास घेतला, आणि काहीच सापडलं नाही म्हणून जास्तच संशयानं बघितलं. मी तेव्हा अपमानानं मेले होते, आज आठवून एकटीच हसत बसते. खरं म्हणजे तेवढी शिक्षा मला पुरत नव्हती.

तोवर गोठ्यात पाऊल टाकायचा धीर झाला नव्हता, दिवाळीच्या सुट्टीत मात्र आल्याबरोबर मी गोठ्यात गेले. जुनं तणस संपून गेलं होतं, नवं यायचं होतं. लुगडं नव्हतं. वाळवी लागली असेल, नाहीतर बैलांनी चघळलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. आणि पुढच्या मोहात तू नवं लुगडं काढलंस, परत दोन जोडलेली, त्यातलं एक तर तू अजून नेसत होतीस ते. मी विचारलंसुद्धा, हे कशाला फाडलं. तू म्हणालीस, जुनं सापडलं नाई. मला केवढं हलकं वाटलं. मग दरवर्षी गाठोडं बांधताना तू हसून म्हणायचीस, माह्यं काही खरं नाई, एका साली म्या लुगडंच इसरली होती, पोरी तू बी पाहून घे. मी बघायचे आणि म्हणायचे, हाय, हाय. शेवटच्या आजारपणातही एकदा बोललीस. तेव्हाही मी फक्त तुझे पाय चेपत राहिले.

तुझी पत्र्याची पेटी तुझ्यामागे मी इथे आणली होती. वर तुझं लग्नाचं लुगडं दिसलं की हात पुढे जायचा नाही, तशीच बंद करून परत माळ्यावर ठेवून द्यायची. परवा ती काढली. म्हटलं, झाडाकडे चाललो आहोत तर मोह बांधायला एखादं जुनं कापड तुझंच असू दे. लग्नाचं लुगडं उचललं. त्याच्याखाली माझी शाळेची प्रगतिपुस्तकं, आणि अगदी तळाला, चारपदरी घडी करून, एका अंगाला हिरवा काठ, दुसऱ्या अंगाला निळा.

मी फरशीवरच बसले. घडीत तणसाच्या दोन काड्या होत्या. म्हणजे तुला ते त्याच पावसाळ्यात सापडलं होतं, तणसाच्या तळाशी, आणि ते तिथे चालत गेलं नाही हे तुला समजलं होतं. तू ते वापरलं असतंस तर मला कळलं असतं की तुला कळलं आहे. म्हणून तू अंगावरचं लुगडं फाडून नवं शिवलंस, हे पेटीच्या तळाला ठेवलंस, आणि मरेपर्यंत इसरभोळी राहिलीस. दरवर्षी तेच वाक्य बोलून मला एकेक वाट देत होतीस, असं आता वाटतं. मी एकदाही त्या वाटेनं आले नाही.

तर माय, लुगडं मीच काढलं होतं. तुला माहीत होतं, तरी मी म्हणायला हवं होतं, ते आज म्हणते.

रडून झाल्यावर मात्र मला जो आनंद झाला तो काही सांगता येत नाही. लुगडं धुतलं नाही, फक्त झटकलं आणि पिशवीत सगळ्यात आधी घातलं. आधी मोहाचं. मग दुपारचे कपडे, वर पहाटेचे. शेजारणीकडून नवा खराटा आणला, तो पिशवीबाहेर डोकं काढून बसला आहे आणि बसमध्ये लोक हसणार आहेत. परवा पहाटे मी आपल्या झाडाखाली झाडायला लागेन. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत. बैठकीतल्या म्हाताऱ्यांनी वाटेनं जाताना बघावं की याचं माणूस आहे. दुपारी ऊन पडो, गारा पडोत, यंदा कापड बरोबर आहे. हे पत्र वहीतच राहील. झाडाखाली ठेवावं असं मनात आलं होतं, पण मोहावर आपल्याइतकाच अस्वलाचाही जीव, उगाच त्याच्या पंजात घरच्या गोष्टी कशाला.

एक राहिलं. लुगडं घातल्यावर पिशवीची चेन लागेना. आत्ताच लेकीचा फोन होता, आई रेनकोट घेतलास ना, तिकडे पाऊस दाखवतोय. मी म्हटलं, घेतला, अगदी वरच ठेवला आहे. रेनकोट कपाटात आहे, चादरींच्या मागे खोल खुपसलेला. अंग भिजलं तं वाळते.