कॅलेंडरवरचे साठ

अहो,

आयुष्यभर तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. मुरब्याहून रोज बोईसरला कामाला जाऊन संध्याकाळी घरी येणाऱ्या नवऱ्याला कोण पत्र लिहितं? आज लिहितेय, कारण सकाळी आपल्या मयुरीने माझ्या हातातून मनगट काढून घेतलं. उद्या तिची पोलीस भरतीची धावण्याची चाचणी आहे, पालघरला. आणि तिचा हात गरम होता.

"बाबांची पन साठच होती ना? मग नाडी मोजून काय उपेग हाय?" एवढंच म्हणाली आणि चहा घेऊन दारात जाऊन बसली.



हे नाडीचं वेड तुमचंच. कारखान्यात बॉयलरवर होतात, दर तासाला मीटर बघून वहीत आकडा लिहायचात, तीच सवय घरात आणलीत. मोबाइलवर खेळाडूंवरचं संशोधन वाचायचात आणि प्रयोगाला मी! दात घासताना एका पायावर उभी राहा, स्टुलावरून हात न टेकता दहा वेळा ऊठ. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका मला हसायच्या. पण माझा गुडघा दुखायचा थांबला. तुम्ही असताना हे कबूल केलं नाही, आता करते.

तुमचा सगळ्यात कडक नियम सकाळचा. अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोजायची. रोजच्यापेक्षा बरीच वाढलेली असली तर शरीर आतून कशाशी तरी झगडतंय, त्या दिवशी पळायचं नाही. मोजायची मात्र मी, कारण स्वतःची नाडी माणूस आपल्या सोयीने मोजतो, असं तुम्हीच म्हणायचात. मी घड्याळाकडे बघत आकडा सांगायची, तुम्ही तो कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहायचात. अठ्ठावन्न, सत्तावन्न, एकोणसाठ. मयुरी शेजारी पडून ऐकत असायची.

मग तुमच्या धावण्याच्या शर्यतीचा तो रविवार. "अंग जरा कसकसतंय," म्हणालात, "बघ किती हाय." मी मोजली. परत एकदा मोजली. अठ्ठ्याहत्तर.

नवा टी-शर्ट खुर्चीवर घडी करून ठेवला होता. चार महिने तुम्ही गोडाला हात लावला नव्हता. आणि खरं सांगू? मलाही ती शर्यत एकदाची होऊन जायला हवी होती, तुमच्या सरावात गेलेले माझे रविवार मला परत हवे होते. मी म्हणाले, "साठ."

तुम्ही उलटून विचारलंही नाहीत. का नाही विचारलंत हो? बॉयलरचा एक मीटर बिघडलासा वाटला तर दुसरा बघायचात ना! घरात मात्र एकट्या माझ्यावर विसंबलात.

तुम्ही शर्यतीतच कोसळलात. दुपारी डॉक्टरांनी विचारलं, सकाळी ताप होता का. मी नाही म्हणाले. तापात पळालं तर हृदयावर काय बेतू शकतं ते त्यांनी मला शांतपणे समजावलं. ते सगळं तुम्ही मला आधीच सांगून ठेवलं होतं.

ते कॅलेंडर मयुरीने अजून भिंतीवरून काढू दिलेलं नाही. तुमच्या अक्षरातलं शेवटचं साठ रोज बघत ती मोठी झाली. तुमचे सगळे नियम पाळून धावते. एवढा एकच नियम तिला खोटा वाटतो, कारण साठ असूनही बाप गेला. तो नियम खोटा नव्हता, खोटी मी होते.

आज केराच्या टोपलीत तापाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. या उकाड्यात पोरगी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरतेय. थांब म्हटलं तर म्हणते, ही संधी गेली तर पुढची कधी? तुमचाच हट्ट आहे तो. मला फार भीती वाटतेय हो.

म्हणून वचन देते. या घरात यापुढे आकडा खराच सांगितला जाईल. तुमच्या साठवर आत्ताच रेघ मारली आणि खाली अठ्ठ्याहत्तर लिहिलं. उद्या सकाळी तिने हात दिला तर मोजेन आणि जे येईल ते मोठ्याने सांगेन. त्यानंतर ती मला आई म्हणेल की नाही, ठाऊक नाही.

प्रवेशपत्राची प्रिंट काढायला ती बोईसरला गेली होती. आता फाटक वाजलं. कॅलेंडर दारासमोरच आहे.

तुमची,
सुनंदा