एस्तेरची साक्ष

१ मार्च २०२५, शनिवार
चर्चच्या पंचकमिटीत ठरलं. येत्या नऊ तारखेला महिला रविवार. सद्गुणी स्त्रीवर सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची आमच्या एस्तेरने. नाव मीच सुचवलं, मंडळीचा सेक्रेटरी या नात्याने. एस्तेर, माझी बायको, सध्या कोल्हारला तिच्या बहिणीकडे आहे. विश्रांतीसाठी. जाऊन चौथा महिना चालू आहे, पण स्टाफ नर्स म्हटल्यावर थकवा येणारच. या निमित्ताने घरी येईल. एकदा आली की कशाला परत जाते.

३ मार्च
फोन केला. मेव्हणीने उचलला. दाजी, लई थकलीय ती, तिला आता नका वढू, म्हणाली. मी शांतपणे विषय समजावला. मागून एस्तेरचा आवाज आला, येते म्हनावं. बोलावण्याची पद्धत लागते.

५ मार्च, पहाटे
तिला वेळ नसणार, म्हणून साक्ष मीच लिहून काढली. पवित्र शास्त्रातल्या सद्गुणी स्त्रीचे गुण घेतले आणि एस्तेरच्या तोंडी घातले. 'माझ्या पतीने मला ड्यूटी करू दिली' हे वाक्य विशेष जमलंय. गेल्या वर्षीचं बाळंतपण घेतलं नाही. बाळ पोटातच गेलं, त्यात साक्षीसारखं काय आहे?
व्हॉट्सॲप केलं. ब्लू टिक आली. उत्तर नाही. म्हणजे पसंत.

८ मार्च
घर आवरलं. चादर बदलली. कपाटातली तिची बाजू पुसली. बरीच रिकामी आहे. उद्यापासून सकाळचा चहा मी करणार. निदान रविवारी.

९ मार्च, संध्याकाळ
आली. मी लिहिलेलं पुलपिटवर उभं राहून अख्खं वाचलं, एक शब्द न गाळता. मी ताठ बसलो होतो. मग म्हणाली, हे ह्यांनी लिवलंय, आता माझं सांगते. बाळ गेलं तवा वॉर्डात मी एकटी हुते. ह्यांची पंचांची मीटिंग हुती. शेजारच्या खाटेवरच्या मुबारकबीनं माझा हात धरला. देव मला तिच्यात दिसला. एवढंच.
बायका रडत होत्या.
मीटिंग महत्त्वाची होती. चर्चच्या छपराच्या पत्र्यांचा विषय होता.
दुपारच्या एसटीने ती परत गेली. स्टँडपर्यंत येतो म्हणालो, नको म्हणाली.

१० मार्च
पाळकसाहेबांच्या पत्नी आल्या. ईस्टरला बाळाच्या नावाने फुलं ठेवू म्हणाल्या. मी सांगितलं, मुलगी होती, नाव ठेवलंच नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, एस्तेरनं ठेवलंय की, आम्ही बायका ते दर बुधवारी प्रार्थनेत घेतो.
त्या गेल्यावर खूप रडलो. मंडळीतल्या प्रत्येक बाप्तिस्म्याची, प्रत्येक बाळाच्या नावाची नोंद माझ्या हातची आहे.
नाव काय, ते मला विचारता आलं नाही.