पन्हळीतली पानं

भुईगाव,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय रेवा,

आधी ‘अनेक आशीर्वाद’ असं लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. तीन वर्षांत तुला एकदाही फोन न करणाऱ्या सासूनं आशीर्वाद कोणत्या तोंडानं द्यायचे? भुईगावहून तुळिंजला यायला फार तर तासभर. दोनदा मी निघालेही. एकदा तुझ्या माहेरच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले, भाजीवालीपाशी उगाच उभी राहिले आणि परत फिरले. तुझ्यासमोर आले तर पुन्हा खोटंच बोलेन अशी भीती वाटली. म्हणून हे पत्र. बाबा स्वतः आणून देणार आहेत.

इकडे विहिरीचं पाणी आता पार मचूळ झालंय. पलीकडच्या वाडीतलं बावखल बुजवलं ना, तेव्हापासूनच. त्यात पावसाचं गोडं पाणी साठून राहायचं, त्याच्या जिवावर आपली विहीर तगून होती. गेल्या उन्हाळ्यात वांग्यांची पानं कडेनं करपली, मिरचीनं फूलच धरलं नाही. बाबांनी जूनमध्ये मला न विचारता तुझ्या दोन्ही टाक्या धुऊन घेतल्या आणि छपराला नवी पन्हळ लावून घेतली. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. सुजयच्या आठवणीनं असेल, असं त्यांना वाटलं. तेवढंच नव्हतं ते.

तू लग्न होऊन आलीस, त्या पावसाळ्यात ओट्यावर उभी राहून म्हणालीस, “आई, एवढं मोठं छप्पर आणि पाणी सगळं गटारात?” मला हसू आलं होतं. तुळिंजला टँकरमागे हंडा घेऊन धावलेल्या मुलीला पाण्याचं काय वाटतं, ते मला वाडीत जन्म काढलेलीला कसं कळावं? तू आणि सुजयनं नळकाम करणाऱ्या हितेशला बोलावलंत, पन्हळ बसवली, नळ्या टाक्यांत सोडल्या, तोंडाला माझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा बांधला. त्या वर्षी मार्चपर्यंत भाजीला पाणी पुरलं. वाल, दुधी, कोथिंबीर, सगळं घरचं. मार्गारेट कुंपणापलीकडून विचारायची, “प्रेमा, तुझा दुधी असा कसा गं धरतो?” आणि मी सांगायचे, “माझ्या सुनेचं पाणी आहे ते.” तुझ्यासमोर मात्र हे कधी बोलले नाही. जीभ जड होती माझी, चांगलं बोलायलाच तेवढी.

मग तो ऑक्टोबर. परतीचा पाऊस सुरू होता. तुला आठवतं, तू म्हणायचीस की जुलैचं पाणी उतू जातं, खरं साठवायचं ते शेवटचं पाणी. सकाळी शाळेत शिकवायला निघताना तू सुजयला बजावलंस, “पन्हळीत पानं अडकलीत, पण तू चढू नकोस. कौलांवर शेवाळ आहे. रविवारी हितेशदादा येतील.” मी स्वयंपाकघरात होते. सगळं ऐकलं होतं.

दुपारी तुला शाळेतून थेट हॉस्पिटलात बोलावलं. तू धावत आलीस तेव्हा मी सगळ्यांदेखत ओरडले, “हिच्या टाक्यांपायी माझा मुलगा गेला!” तू मान खाली घातलीस. बाराव्यानंतर तुझे भाऊ तुला न्यायला आले, तेव्हा मी आतल्या खोलीतून बाहेरही आले नाही. लोकांना वाटलं, आईचं दुःख आहे. तुलाही तसंच वाटलं असेल.

गेल्या आठवड्यात राधिका माहेरपणाला आली होती. तुळिंजच्या बाजारात तू भेटलीस म्हणाली. फार वाळलीयस म्हणाली. तू तिला विचारलंस, “आईंचा राग गेला का गं? मी टाक्यांचा हट्ट धरला नसता तर सुजय असता.” राधिकानं हे सांगितलं तेव्हा मी वाल सोलत होते. हात थांबले ते थांबलेच. तीन वर्षं तू हे उराशी धरून जगतेयस आणि मी इथे बसून तुला तसंच जगू देतेय.

आता लिहायचं ते लिहिते. त्या दिवशी अकराच्या सुमाराला तुंगारेश्वराच्या डोंगरावर आभाळ भरून आलं. मीच सुजयला म्हटलं, “रविवारपर्यंत पाऊस वाट बघतोय थोडाच? सगळं पाणी वाया जाईल. दोन मिनिटांचं काम आहे, चढ.” तो म्हणाला, “रेवा नको म्हणालीय.” मी म्हटलं, “या घरात आता सगळं तिला विचारूनच करायचं का?” रेवा, पाण्यासाठी नाही, त्याच्या त्या एका वाक्यापायी मी त्याला चढवलं. शिडी मीच धरली होती. चढताना तो हसून म्हणाला, “तिला सांगू नकोस हं, ओरडेल.” शिडी शेवटपर्यंत हलली नाही. कौलावरून पाय सुटला त्याचा. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. काल बाबांना सांगितलं. ते उठून अंगणात गेले, जेवले नाहीत. आज सकाळी एवढंच म्हणाले, “तिला लिही. मी नेऊन देतो.” तू परत ये असं मी म्हणत नाही. माफी मागायचंही तोंड नाही मला. सुजय तुझ्यामुळे गेला नाही, एवढं तुला माझ्या हातचं लिहिलेलं मिळावं, म्हणून हे पत्र. तू त्याला अडवलं होतंस. मी पाठवलं. हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखव, भावांना दाखव, ज्यांच्यासमोर मी ओरडले त्या सगळ्यांना दाखव. खाली ‘आई’ लिहायला हात धजत नाही.

तुझीच,
प्रेमलता