खुर्ची स्वतः घेऊन यावी

४ जानेवारी

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

वेबसाइटसाठी तू पाठवलेली प्रश्नपत्रिका सोडवायला घेतली. तीस वर्षांत कारखान्याने मला एवढे प्रश्न विचारले नव्हते. फोनवरच सांगितलं असतं, पण तिथल्या यंत्रांनी माझे कान खाल्ले आणि मेसेजमध्ये तू अर्धे शब्द खातेस. तेव्हा पत्रच बरं.

धंदा: वेताच्या खुर्च्या विणून देणे. जागा: माझीच पुढची खोली, पहिला मजला. वेळ: सकाळी आठ ते रात्री आठ, सुट्टी नाही. ग्राहक कोण: ज्याच्या खुर्चीला खड्डा पडलाय तो. 'तुमच्याकडेच का यावं' याचं उत्तर सुचलं नाही, ते तूच लिही. ग्राहकांच्या सोयीचं म्हणशील तर खिडकीपाशी बसायची व्यवस्था केली आहे आणि सहा कप आणले आहेत. इतके दिवस एकच लागत होता.

ताईचा गुडघा कसा आहे ते कळव. उलट टपाली चार ओळी तरी लिही.

तुझा,
मामा

१६ जानेवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

आईचा गुडघा बरा आहे, जीभ तर ठणठणीत आहे. आठ ते आठ दुकान उघडं ठेवून तू जेवणार कधी, असं तिने विचारलंय.

वेबसाइटचा आराखडा झाला! माणसाने मोडक्या खुर्चीचा फोटो पाठवायचा. तू मला खर्च कळवलास की मी त्याला कळवणार. मग टेम्पोवाला खुर्ची आणून टाकेल आणि झाली की घेऊन जाईल. कोणालाही तुझा जिना चढावा लागणार नाही. आहे की नाही तुझी भाची हुशार?

तुझा एक फोटो पाठव, जरा हसरा. महिनाअखेरीस नक्की येते. तोवर राग नको, लोभ पुरवून वापर.

तुझी,
बडबडी

२३ जानेवारी

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

हुशार आहेसच, त्यात वाद नाही. फोटो सोबत आहे. फोटोवाल्याने हसायला सांगितलेलं मला ऐकू आलं नाही, त्यामुळे जसा आहे तसा आलोय.

टेम्पोचं बघ. जिन्याला अवघ्या अकरा पायऱ्या आहेत आणि कठडाही भक्कम आहे. शिवाय फोटोवरून वेताचं काही कळत नाही. म्हणजे तसं कळतं. खोटं कशाला बोलू?

खरं सांगतो, मला खुर्च्यांची हौस नाही. मागच्या आठवड्यात माझ्याशी फक्त दूधवाला बोलला, तोही मी पिशवी बाहेर ठेवायला विसरलो म्हणून. खुर्चीच्या निमित्ताने कोणी वर येईल, घटकाभर टेकेल, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला. टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवून जाईल आणि तो मला ऐकूही येणार नाही. तू मेहनतीने केलंस, म्हणून सांगायला जीव धजत नव्हता.

रागावलीस तरी पत्रातच रागाव, गप्प बसू नकोस.

तुझा,
मामा

२ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

टेम्पो काढून टाकला, फोटोचा फॉर्मही काढला. आता पानावर तुझा पत्ता ठळक आहे आणि खाली लिहिलंय की खुर्ची स्वतः घेऊन यावी. चौकशीचे निरोप तेवढे माझ्याकडे येतील. यात काम कमी मिळेल, हे सांगणं माझं कर्तव्य आहे. पण मला हे आधीच कळायला हवं होतं. मी तुझ्याकडे शेवटची कधी आले ते आठवायला बसले आणि लाज वाटली.

महिनाअखेर हुकली, ऑफिसने सोडलं नाही. पुढच्या वेळी नक्की. एवढं माफ कर.

तुझी,
बडबडी

२५ फेब्रुवारी

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

परवापर्यंत तीन आठवड्यांत एकदाच दार वाजलं. एक गृहस्थ होते, वरच्या शिंप्याकडे जायचं होतं त्यांना. बसा म्हटलं, तर म्हणाले, घाई आहे.

आणि काल एक निवृत्त शिक्षिका आल्या, रिक्षावाल्याकडून खुर्ची वर चढवून. तुझं पान बघूनच आल्या. पण उभ्या उभ्याच बोलल्या आणि गेल्या. दहा दिवस लागतील असं सांगितलंय. खुर्ची उद्या होईल, पण तसं मी त्यांना कळवणार नाही. ही लबाडी आहे, मला ठाऊक आहे.

ताईला नमस्कार. हे तिला सांगू नकोस, ती हसेल आणि मग रडेल.

तुझा,
मामा

४ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

तुला न विचारता एक आगाऊपणा केलाय. बाईंनी साइटवर विचारलं होतं की खुर्ची झाली असेल तर हमाल पाठवून नेऊ का? मी कळवलं की झाली आहे, पण आमच्याकडे मालकाने स्वतः बसून पाहिल्याशिवाय खुर्ची देत नाहीत. हा कुठला नियम, असं त्यांनी विचारलं. जुना आहे, असं मी ठोकून दिलं. शनिवारी येतायत.

दाढी कर, आणि ऐकू येत नाही हे आधीच सांगून टाक. पुढचं तुझ्यावर सोपवते, लोभासकट.

तुझी,
बडबडी

९ मार्च

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

आल्या. नियमाप्रमाणे खुर्चीत बसल्या आणि दोन तास बसल्या. मी सांगितलं तसं मोठ्याने बोलत होत्या, शिंपी डोकावून गेला. निम्मं मला तरीही कळलं नाही, पण मी एकदाही त्यांना थांबवलं नाही. दोनदा चहा झाला.

मग रिक्षावाला आला आणि खुर्ची घेऊन गेला. खोली एकदम मोठी झाली. मला ती तशी बघवेना, म्हणून कप विसळत बसलो. आता आठवडाभरात पुन्हा कोणी येईल, नाही येईल.

तुझा नियम मला पसंत आहे, तो साइटवर घाल. त्यात एकच सूट ठेव. भाचीने खुर्ची न आणता आलं तरी चालेल. मोडलेलं काहीच नसलं तरी चालेल.

वाट पाहतो, हे दर पत्रात लिहायचं राहून जातं. या वेळी लिहिलं.

तुझा,
मामा